मोकळ्या मुलखाचा बंदोबस्त

मनुष्याला स्वातंत्र्याची खरी तहान लागली म्हणजे तो नेमका पाणी नसलेल्या ठिकाणी जातो, या सिद्धान्ताची प्रचीती ज्यास घ्यावयाची असेल त्याने दक्षिण कॅलिफोर्नियातील इम्पिरियल वाळूटेकड्यांवर हिवाळ्यात अवश्य जावे. मेक्सिकोच्या सरहद्दीलगत सुमारे ४५ मैल लांब पसरलेल्या आणि जागोजागी ३०० फुटांपर्यंत चढलेल्या या वालुकाराशीत थँक्सगिव्हिंगच्या सुटीला अवघे शहर तंबू ठोकून उतरते, आणि त्या शहरात माझा सॅन डिएगोवासी भाचा वाळूवर पळवायच्या आपल्या बग्गीसह न चुकता दाखल असतो.

“मामा, इथे रस्ता नाही, सिग्नल नाही, कुणाचा हुकूम नाही!” असे त्याने हात पसरून जाहीर केले, आणि लगोलग तो हुकमांच्या अंमलबजावणीस लागला. प्रथम त्याने भूमिव्यवस्थापन खात्याचा परवाना काचेवर दिसेल असा लावला, कारण १ ऑक्टोबर ते १५ एप्रिल या मुदतीत त्यावाचून तेथे प्रवेश नाही. मग चाकांतली हवा बेताने कमी केली, म्हणजे टायर पसरून वाळूत रुतत नाही. मग शीतपेयांच्या पेटीतून एक चुकार काचेची बाटली हुडकून ती बाजूस काढली, कारण काचेला तेथे मज्जाव आहे. आणि शेवटी जळणाची फळी न् फळी बोटांनी चाचपून एकीतला वाकडा खिळा पकडीने उपटला व खिशात टाकला, कारण लाकूड जळून जाते पण खिळा मागे राहून पुढच्याच्या चाकाची वाट पाहतो. ज्याची हयात महसूल खात्यात गेली अशा माझ्यासारख्या पेन्शनराला हे सारे पाहून माहेरी आल्यासारखे वाटले.

प्रत्येक वाहनावर जमिनीपासून किमान आठ फूट उंच निशाण फडकलेच पाहिजे, या फर्मानाचे कारण मात्र टेकडीच्या माथ्याशी पोहोचल्यावरच कळते. पश्चिमेचा वारा वाळूला सौम्य उतारावरून वर ढकलीत नेतो आणि माथ्यापलीकडे तिला तिच्या नशिबावर सोडून देतो. त्यामुळे पलीकडची बाजू वाळू धरू शकेल तितकी, म्हणजे सुमारे ३४ अंशांत, उभी असते, आणि त्या कड्याखालून कोण वर येत आहे हे ब्रह्मदेवालाही दिसत नाही. तेव्हा निशाण आधी दिसावे, गाडी मागाहून, आणि दवाखाना मुळीच दिसू नये, अशी ही योजना आहे.

महामार्ग ७८ ही या मुलखाची खरी हद्द. त्याच्या लगतचा उत्तरेकडचा भाग १९९४च्या कायद्याने अरण्य म्हणून राखलेला, तेथे चाकाला बंदी. दक्षिणेकडे धुमाकुळाला मुभा, पण तेथेही काही पट्टे मिल्कव्हेच नावाच्या एका द्विदल रोपासाठी वगळलेले. वाळूत मुळे रोवून उभे राहणाऱ्या या रोपाला १९९८ साली सरकारने संरक्षण दिले. आमच्या कचेरीत एवढी निष्ठा दाखवूनही कायम झालेले उमेदवार मी मोजकेच पाहिले.

वाळू तशी क्षमाशील. दिवसभर उमटलेले चाकांचे अपराध रात्रीचा वारा दफ्तरातून खोडून टाकतो. परंतु भोवतालच्या वाळवंटाची कठीण जमीन डूख धरणारी आहे. १९४२ साली जनरल पॅटनने रणगाड्यांच्या सरावासाठी तेथे जे चर पाडले, ते आजही ओळखू येतात. म्हणून आखलेल्या वाटेवरूनच जाण्याचा आग्रह हा हाकिमांचा लहरीपणा नसून, त्या भूमीच्या दीर्घ स्मरणशक्तीचा धसका आहे.

या प्रदेशातला सर्वांत मोठा अंमलदार मात्र वाळवंटी कासव होय. उभ्या गाडीखालच्या सावलीत ते विश्रांतीस बसते, म्हणून गाडी सुरू करण्यापूर्वी खाली वाकून पाहावे लागते. आणि दयेपोटी त्याला उचलावे, तर भयाने ते साठवलेले पाणी टाकून देते व पुढे तहानेने प्राणास मुकू शकते. परतताना वाटेत, जो भाचा सख्ख्या मामासाठी खुर्चीतून कधी हलला नव्हता, तो भर उन्हात गुडघे टेकून गाडीखाली डोकावत होता. मला त्याचा मुळीच राग आला नाही. मामाला उचलून बाजूस ठेवले तर तो फार तर रुसतो.