विश्वचषकाचे भाकीत कसे वर्तवावे

चार वर्षांनी एकदा येणाऱ्या फुटबॉल विश्वचषकाचा मानकरी कोण होणार, हे स्पर्धेपूर्वीच सांगून मोकळे होण्याची ज्यांना हौस आहे (आणि ती नसलेला सज्ञान इसम कोल्हापुरात तरी शोधावाच लागेल), त्यांपैकी बहुतेकांची गल्लत एकाच ठिकाणी होते : खेळाचा अभ्यास केल्यावाचून भाकीत करता येत नाही, अशी त्यांची प्रामाणिक समजूत असते. वास्तविक अभ्यासाची गरज भाकीत करताना नसून ते फसल्यानंतर पडते.

संघ कोणता निवडावा हा प्रश्न नवशिक्याला अवघड वाटतो. वस्तुतः तो त्याच्या जन्मापूर्वीच निकालात निघालेला असतो. कोल्हापुरातल्या फुटबॉल संघांपैकी पाटाकडील की दिलबहार, खंडोबा की प्रॅक्टिस हे जसे माणसाच्या बुद्धीवर नव्हे, तर पेठेवर आणि घरच्या वहिवाटीवर ठरते, तसाच ब्राझील की अर्जेंटिना याचाही ताबा वारसाहक्कानेच येतो. आणि ज्याचे वडील शाहू स्टेडियमच्या गॅलरीत बसून पेलेचे गुणगान करीत म्हातारे झाले, त्याने मेस्सीचा पक्ष घेणे म्हणजे घरात उभी फूट पाडणे होय. गोव्यात पोर्तुगालचाही दावा दाखल होतो. २०२२ पर्यंत पोर्तुगालने हा चषक एकदाही जिंकला नाही, ही हरकत तेथे कोणी ऐकून घेत नाही.

निवड झाली की ती जाहीर करावी. तोंडी भाकिताला पुरावा उरत नाही. म्हणून पेठेच्या चौकात बांबूंची परांची बांधून आपल्या खेळाडूचे दोन मजली कटआउट उभारण्याची तजवीज करावी. शेजारच्या फ्लेक्सवर तळाशी, पासपोर्ट आकाराच्या छायाचित्रांतून, मंडळाचे वीस-पंचवीस कार्यकर्ते काळे चष्मे लावून ओळीने हसत असावेत. कारण भाकिताला जामीनदार लागतात, आणि मेस्सी स्वतः येऊन सही करण्याचा संभव कमी.

त्यानंतर पुराव्याचे काम. १९३० पासून २०२२ पर्यंतच्या बावीस स्पर्धांत अवघ्या आठ देशांना हा चषक मिळाला असून, परदेशी प्रशिक्षकाच्या हाताखाली तो त्या अवधीत एकाही संघाने जिंकलेला नाही. हा दुसरा दाखला फार मौल्यवान आहे, आणि म्हणूनच तो सर्वांना सारखा लागू करणे हे अव्यवहारीपणाचे लक्षण होय. २०२५ साली ब्राझीलने कार्लो अँचेलोत्ती या इटालियन गृहस्थांच्या हाती संघाची मुखत्यारी सोपविली, तेव्हापासून ब्राझीलपक्षीयांच्या दप्तरातून तो कागद गहाळ झाला असून अर्जेंटिनापक्षीयांनी त्याच्या नकला काढून ठेवल्या आहेत.

मागील निकालावर विसंबणाऱ्याने मात्र १९५४ चे हंगेरीचे प्रकरण नजरेखालून घालावे. चार वर्षे अपराजित राहिलेला, पुश्काशसारखा कर्णधार लाभलेला तो संघ साखळीत पश्चिम जर्मनीला ८–३ असे चिरडून मोकळा झाला होता. बर्न येथील अंतिम सामन्यात त्याच जर्मनीविरुद्ध त्याने पहिल्या आठ मिनिटांत दोन गोल केले, आणि तो ३–२ असा हरला. साखळीतल्या सामन्यात जर्मनांनी बरेच राखीव खेळाडू उतरविले होते, ही बाब ज्यांनी किरकोळ मानली त्यांचे मुद्दलही बुडाले. छापील भाकिताचा धोका त्याहून मोठा. १९५० साली रिओच्या एका वृत्तपत्राने उरुग्वेशी गाठ पडण्यापूर्वीच ब्राझीलच्या चमूचे छायाचित्र जगज्जेते म्हणून छापले. चषकासाठी नुसती बरोबरी पुरेशी असताना यजमान माराकाना मैदानावर २–१ असे हरले. फ्लेक्स निदान रात्रीतून उतरविता येतो.

खुद्द पेले यांनी १९९४ मध्ये कोलंबियाला कौल दिला होता आणि कोलंबिया पहिल्याच फेरीत गारद झाला. तीन विश्वचषक जिंकलेल्या माणसाला जे साधले नाही, ते जर्मनीतील ओबरहाउझेनच्या मत्स्यालयातल्या पॉल नामक ऑक्टोपसाला २०१० साली साधले : दोन देशांचे झेंडे लावलेल्या दोन पेट्यांपैकी ज्या पेटीतला शिंपला तो उचली तो संघ विजयी, आणि त्या स्पर्धेतील आठांपैकी आठ कौल खरे. आपल्याकडे देवाला कौल लावताना हवा तो मिळेपर्यंत पुन्हा विचारण्याची मुभा भक्त स्वतःच घेतो. पॉलच्या बाबतीत ती नव्हती, हे ध्यानात घेता त्याची योग्यता अधिकच भरते. पण त्याचा थोर गुण निराळाच होता : आपण काय म्हणालो होतो, याची आठवण त्याने निकालानंतर कोणालाही करून दिली नाही. मनुष्यप्राण्याकडून ही अपेक्षा व्यर्थ आहे.

मनुष्याने म्हणून माघारीची वाट आधीच बांधून ठेवावी. भाकितास निदान तीन शर्ती असाव्यात : दुखापत न झाल्यास, पंच निःपक्षपाती असल्यास, आणि मधली फळी ‘चालल्यास’. या तिसऱ्या शर्तीचा अर्थ कोणालाच ठाऊक नसल्याने ती पाळली गेली हे सिद्ध करणे प्रतिपक्षाला अशक्य होते. एवढे करूनही आपत्ती कोसळलीच, जशी २२ नोव्हेंबर २०२२ रोजी भर दुपारी सौदी अरेबियाने अर्जेंटिनाला २–१ असे नमविल्यावर कोसळली, तर चहाच्या गाड्यावर जाण्याचे मुळीच टाळू नये. गैरहजेरी हा कबुलीजबाब समजला जातो. ‘काय आण्णा, आता कुठं गेला तुमचा मेस्सी?’ असे एखाद्या पोराने विचारल्यास कप खाली न ठेवता, ‘अरे मर्दा, स्पर्धा अजून सुरू कुठं झालीया?’ एवढेच म्हणावे. १८ डिसेंबरच्या रात्री अर्जेंटिनाने चषक उचलल्यावर हेच वाक्य भविष्यवाणी म्हणून पुन्हा सादर करता आले. अर्जेंटिना हरती, तर ते कोणाच्या लक्षातही राहिले नसते. वाक्ये अशीच निवडावीत.

पैजेविषयी थोडेसे. पैसे लावणे बेकायदा तर आहेच, शिवाय त्यात हिशेब स्पष्ट राहतो हा अधिक मोठा दोष. सबब पैज मिसळीचीच असावी. मात्र ती लावण्यापूर्वी साक्षीदारांसमक्ष खुलासा करून घ्यावा, की पेनल्टी शूटआउटवर लागलेला निकाल ग्राह्य धरला जाईल, उपांत्य फेरीपूर्वी पक्ष बदलणाऱ्यास सगळ्या कट्ट्याची मिसळ द्यावी लागेल, आणि जादा पावाचे पैसे ज्याचे त्याने द्यावयाचे आहेत.