सीलबंद लिफाफ्यास खुले पत्र

राजमान्य राजश्री सीलबंद लिफाफासाहेब यांचे सेवेसी,

शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष. आपणांस उघडेपणाचे वावडे आहे हे ठाऊक असूनही पत्र खुलेच धाडीत आहे, त्याबद्दल क्षमा असावी.

राष्ट्राच्या सुरक्षिततेचा अवघा भार लाखेच्या एका ठिपक्यावर पेलणारे आपले सामर्थ्य आम्हां रयतेस थक्क करते. सन 2022 च्या जानेवारीत सुरक्षाविषयक दाखला नाकारून केरळातील ‘मीडिया वन’ या वृत्तवाहिनीचा परवाना रद्द झाला, तेव्हा चालकांनी विचारलेले कारण आपण त्यांच्या दृष्टीस पडू दिले नाही. ते आपल्या पोटातून थेट न्यायासनापुढे गेले, आणि जो मजकूर अर्जदाराने पाहिलाच नव्हता, त्याच्याच आधारे उच्च न्यायालयात त्याचा अर्ज निकाली निघाला. प्रतिवादाची यातायात वाचविणारी इतकी सुटसुटीत न्यायपद्धती आमच्या कारकुनांनाही आजवर सुचली नव्हती!

पुढे 5 एप्रिल 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने परवाना काढून घेण्याचा तो हुकूम रद्द केला, तेव्हा आपल्या उदरातील ऐवज जगजाहीर झाला. गुप्तचरांनी वाहिनीवर ठेवलेल्या ठपक्यांत नागरिकत्व कायदा, चकमकीतील हत्या इत्यादी विषयांवरील तिची टीकाही होती. म्हणजे जे केरळातील घरोघरी आधीच दिसून गेले होते, तेच आपण प्राणपणाने लपवीत होता. ही स्वामिनिष्ठा धन्य होय.

सरहद्दीवरील पलटणीची हालचाल किंवा हेराचे नाव चव्हाट्यावर मांडा, असे कोणीही शहाणा म्हणणार नाही. परंतु 1923 चा गोपनीयतेचा कायदा करणाऱ्या परकी सरकारला रयतेपुढे जाब द्यावयाचा नव्हता, म्हणून त्यास मौन शोभले. स्वराज्यातील 2005 च्या माहिती अधिकार कायद्याने मात्र, त्या जुन्या कायद्यास न जुमानता, प्रकटनातील लोकहित हानीहून अधिक भरल्यास माहिती देण्याची मुभा ठेवली आहे. हा तराजू वापरावयाचा, तर आधी लिफाफा उघडावा लागतो.

सबब विनंती अशी की, जे खरोखर गुप्त असेल ते खुशाल पोटात ठेवावे. मात्र ते गुप्त का, याची कैफियत न्यायालयात अर्जदारासमक्ष द्यावी, आणि सरकारवरील टीकेस सुरक्षेच्या दफ्तरात जागा देऊ नये. ज्या सरकारला रयतेवर विश्वास टाकवत नाही, त्याने रयतेकडे विश्वास मागण्याचा अधिकार गमावलेला असतो.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक करदाता