मुक्काम पोस्ट राणीची बाग

(रिकामा रंगमंच. नट ताठ उभा, मान आखडलेली. बोलताना मधूनच डोळे वर करून पाठीवरच्या माणसाकडे बघतो.)

बसा, बसा. मला बसता येत नाही, पाठीवर सरकार आहेत. (वर बघत) सातवे एडवर्ड. 1879 मध्ये आल्बर्ट ससूनशेठनी आम्हा दोघांना फोर्टात उभं केलं, तेव्हा हे नुसते युवराज होते. पुढे राजे झाले. 1910 मध्ये वारलेसुद्धा. पण उतरायचं नाव नाही!

मी काळा घोडा. हो हो, तोच! माझ्या नावानं फोर्टात 1999 पासून कलामहोत्सव भरतो. नाच, गाणी, नाटकं, खादीचे झब्बे, कानातल्यांचे स्टॉल. आणि घोडा कुठंय? भायखळ्यात! लग्न धूमधडाक्यात आणि नवरदेवाला आमंत्रणच नाही. 1965 मध्ये उचलून मला इथं आणलं. बरं, 2017 मध्ये तिथं नवा घोडा बसवला. त्याच्या पाठीवर कोण असेल? कोणीच नाही! (बराच वेळ वर बघतो.) काय सरकार, वाचलंत का पेपरात?

मी म्हटलं, असू दे. घोड्याच्या जातीला भायखळा बरा, इथं रेसकोर्स आहे म्हणतात. आलो तर कळलं, शर्यती 1883 मध्येच महालक्ष्मीला गेल्या! आपल्या भायखळ्याचं हे असंच. गंमत इथं सुरू होते आणि नाव दुसरीकडे निघतं. दुसरीकडे जे नको झालं, ते मात्र टेम्पोत घालून इथं.

शेजारी दगडी हत्ती आहे, घारापुरीचा. त्याला इंग्लंडला न्यायला निघाले होते. उचलता उचलता मोडला. 1914 मध्ये तुकडे सांधून उभा केला. रात्री बाग बंद झाली की आमच्या गप्पा होतात. मी म्हणतो, "गजोबा, लंडन हुकलं हो तुमचं." तो म्हणतो, "बरं झालं. तिथं पाऊस फार." कधी म्हणाला? जुलैत! हिंदमाताला कमरेएवढं पाणी असताना!

सरकारना मात्र इथं करमायला हवं होतं. बाग तेव्हा मातोश्री व्हिक्टोरियांच्या नावाची, म्युझियम तर आईवडील दोघांच्या: व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट. म्हणजे साहेब माहेरीच आले की! दहा वर्षं खुशीत होते. 1975 मध्ये म्युझियमची पाटी बदलली. डॉ. भाऊ दाजी लाड! सरकार हळूच विचारतात, "हू इज धिस?" मी म्हटलं, "सरकार, ज्यांनी हे उभं राहावं म्हणून खस्ता खाल्ल्या, ते. तुमचे बाबा मुंबईला एकदा तरी आले होते का?" तेव्हापासून अबोला आहे.

आता करमणूक म्हणाल, तर सगळी गर्दी पेंग्विनकडे. 2016 मध्ये कोरियाहून आले. गार पाणी, ताजी मासळी, चोवीस तास ए.सी.! मे महिन्यात रांगेतली निम्मी माणसं पेंग्विन बघायला येतात आणि निम्मी त्या ए.सी.ला.

आणि नाटकवाले? ते देवाकडे एकच मागतात, पुढच्या जन्मी पेंग्विन कर. परळचं दामोदर, 1922 पासूनचं, 2023 मध्ये पुनर्विकासासाठी बंद झालं. आमच्या शेजारी अण्णाभाऊ साठे नाट्यगृह. अण्णाभाऊ वाटेगावहून मुंबईला आले ते चालत. राहिले कुठं? इथंच, भायखळ्याच्या चांदबीबी चाळीत. आणि त्यांच्या नावाचं थिएटर पुन्हा बांधायला जितकी वर्षं गेली ना, तेवढ्यात अण्णाभाऊ वाटेगावला चालत जाऊन, सुगी करून, परत आले असते. वर दोन वग लिहून!

(कान टवकारतो.) श्शू! गिऱ्हाईक आलं. परवाचीच गोष्ट. एक पोरगं बापाला विचारतं, "पप्पा, हा कोण?"

बाप म्हणाला, "हा होय? काळा घोडा. लय फेमस."

"आणि वर बसलाय तो?"

बापानं वर बघितलं. पाटी शोधली. डोकं खाजवलं. म्हणाला, "तो होय... तो घोड्याबरोबर आलाय."

(छाती फुगवून वर बघतो.) ऐकलंत ना, सरकार?

(काळोख.)