पक्षी गहाण, बँक हैराण

30 एप्रिल 2016. स्टेट बँकेला पुढे करून सतरा बँकांनी एक पक्षी लिलावात काढला. जिवंत नव्हे, चित्रातला. किंगफिशर एअरलाइन्सचं बोधचिन्ह आणि त्याच्यासोबत ‘फ्लाय किंगफिशर’, ‘फ्लाइंग मॉडेल्स’, ‘फनलायनर’, ‘फ्लाय द गुड टाइम्स’ ही नोंदणीकृत नावं. राखीव किंमत 366.70 कोटी रुपये. लिलाव ऑनलाइन, मुदत तासाभराची. तास संपला तेव्हा बोली होती शून्य. चुकून बटण दाबलं गेलं, असंसुद्धा कुणाच्या हातून घडलं नाही.

हाच पक्षी तारण ठेवला गेला तेव्हा त्याची किंमत चार हजार कोटींच्या घरात सांगितली जात होती. म्हणजे बँकांनी नव्वद टक्के सूट देऊन सेल लावला होता. एवढी सूट म्हटली की दादरला रस्ता बंद पडतो. इथे चिटपाखरूही फिरकलं नाही. पुढे किंमत आणखी उतरवून पाहिली, तरी कुणाचा हात वर झाला नाही.

एमबीएचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा असतो. किंगफिशरने तोच मे 2005 ते ऑक्टोबर 2012 असा साडेसात वर्षं, प्रात्यक्षिकांसह घेतला. फी बहुतांश सरकारी बँकांनी भरली, म्हणजे तुम्हीआम्हीच भरली. फी गेलीच आहे, तर निदान धडे तरी वाचून घेऊ.

धडा पहिला, मार्केटिंग. इथे पैकीच्या पैकी. लाल गणवेश, प्रत्येक सीटपुढे पडदा, गरम जेवण, स्कायट्रॅक्सचे पाच तारे. कंपनीचे मालक विजय मल्ल्या स्वतः त्या पडद्यावर येऊन सांगायचे की तुम्ही माझ्या घरचे पाहुणे आहात, कर्मचाऱ्यांनाही तसंच वागवायला सांगितलं आहे. पाहुण्यांकडून खर्च वसूल करायचा नसतो, हे तत्त्व कंपनीने शेवटपर्यंत पाळलं. एकाही वर्षी नफा झाला नाही. समजा, एका सीटचा खर्च पाच हजार आहे आणि तिकीट चार हजारांचं. अशा वेळी विमान खचाखच भरलं तरी तोटाच, आणि उड्डाणं जितकी जास्त तितका तोटाही जास्त. प्रवासी मात्र टाळ्या वाजवत उतरतो, आणि त्या टाळ्यांचा आवाज ऐकून संचालक मंडळ आणखी विमानं मागवतं.

धडा दुसरा, अधिग्रहण. भारतीय कंपनीला परदेशी उड्डाणं करायची तर आधी पाच वर्षं देशात उडालेलं असावं लागे, असा तेव्हा नियम होता. 2007 मध्ये किंगफिशरचं वय दोन वर्षं. कॅप्टन गोपीनाथ यांची एअर डेक्कन मात्र 2003 पासून उडत होती. मग 2007 मध्ये डेक्कनमध्ये हिस्सा घेतला, 2008 मध्ये विलीनीकरण झालं, आणि त्याच सप्टेंबरात बंगळूरहून लंडनचं विमान सुटलं. अनुभव कमवायला वर्षं लागतात. विकत घ्यायला चेकबुक पुरतं. फक्त चेकबरोबर डेक्कनचा तोटाही घरी आला, आणि तोही नेमका ज्या वर्षी कच्चं तेल पिंपाला 147 डॉलरपर्यंत चढलं त्या वर्षी.

धडा तिसरा, पोझिशनिंग. डेक्कनच्या स्वस्त विमानांना नाव दिलं ‘किंगफिशर रेड’. आता एकाच पक्ष्याच्या पंखाखाली महाग तिकीट आणि स्वस्त तिकीट. गिऱ्हाईक कधीच भोळं नसतं. पक्षी तोच, रंग तोच, पोचायचं तेही पुण्यालाच. मग जास्त कशाला मोजा? सप्टेंबर 2011 मध्ये मल्ल्यांनी जाहीर केलं की स्वस्त विमानसेवेत स्पर्धा करण्याची आमची इच्छा नाही. पुढच्याच वर्षी त्याच स्वस्त तिकिटांच्या जोरावर इंडिगो देशात पहिल्या नंबरवर गेली.

धडा चौथा, भांडवल. हा बँकांनी स्वतः शिकवला. 2011 मध्ये कर्जाची पुनर्रचना झाली आणि कर्जाच्या काही भागाच्या बदल्यात बँकांनी कंपनीचे शेअर घेतले. बाजारात तो शेअर चाळीस रुपयांच्या आसपास मिळत होता. बँकांनी घेतला 64.48 रुपयांना. कंपनी बुडाली तर पैसे आधी सावकाराला मिळतात, उरलेच तर शेवटी भागीदाराला, हे कॉमर्सच्या पहिल्या वर्षाला शिकवतात. इथे रांगेत पुढे उभ्या असलेल्या माणसाने साठ टक्क्यांहून अधिक जादा मोजून शेवटचा नंबर विकत घेतला.

आता शेवटचा आणि सगळ्यात महागडा धडा, तारण.

तुम्ही घरासाठी कर्ज मागायला गेलात तर बँक इंडेक्स टू मागते, सर्च रिपोर्ट मागते, सोसायटीची एनओसी मागते, तीन वर्षांची रिटर्न मागते आणि वर एक जामीनदार बसवते. आजीच्या पाटल्या घेऊन गेलात तर बँकेचा सराफ येतो, कस लावतो, खडे वजा करतो, घडणावळ धरत नाही, आणि निघेल त्या रकमेतही हात आखडून कर्ज देतो. या पाटल्या कोणत्या घराण्यातल्या, गावात त्या घराण्याला मान किती, याचा एक रुपयाही तो धरत नाही. त्याला तो मान दिसत नाही असं नाही. पण पाटल्या विकायची वेळ येईल ती नेमकी मान गेल्यावर, हे त्याला ठाऊक असतं.

तारणाचं सगळं शास्त्र एवढंच आहे. कर्जदार बुडाला असं धरून चालायचं आणि मग विचारायचं, आता या वस्तूचे किती येतील? तुमचं दुकान बंद पडलं हे सोन्याला कळत नाही, जमिनीलाही कळत नाही. ब्रँडला मात्र सगळ्यात आधी कळतं. पगार थकले, वैमानिक संपावर गेले, फेऱ्या रद्द झाल्या, ऑक्टोबर 2012 मध्ये परवाना स्थगित झाला. यातल्या प्रत्येक बातमीने चार हजार कोटींतला एकेक मजला खाली आणला. कर्ज फिटत होतं तोवर तारणाची गरज नव्हती आणि गरज पडली तेव्हा तारण उरलं नव्हतं. शिवाय पक्षी विकत घेऊन करायचं काय? बिअरवरचा किंगफिशर युनायटेड ब्रुअरीजचा. तो या लिलावात नव्हताच. उरलं ते फक्त जमिनीवर बसलेल्या कंपनीचं आकाशातलं नाव.

बाकीच्या मालमत्तेचे लिलावही काही थाटात झाले नाहीत. विलेपार्ल्याचं किंगफिशर हाउस 2016 मध्ये 150 कोटींना काढलं, ते 2021 मध्ये 52.25 कोटींना गेलं. कांदोळीचा व्हिला 85.29 कोटींवरून उतरत 73.01 कोटींना विकला गेला. मल्ल्यांच्या खासगी विमानासाठी सेवाकर खात्याने 152 कोटी मागितले, तेव्हा एकुलती एक बोली आली 1.09 कोटींची. तरी भिंतींना भिंतींची किंमत आली, विमानालाही पुढे काही कोटींचा धनी मिळाला. चित्राला नाही मिळाला.

आणि मग बँकांचे पैसे आले कुठून? जून 2021 मध्ये मल्ल्यांचे जप्त झालेले युनायटेड ब्रुअरीजचे शेअर विकले गेले, हायनेकेनने घेतले, 5,824 कोटी हाती लागले. ज्या कंपनीला पंचतारांकित व्हायचं नव्हतं, जी लंडनला उडत नव्हती, जी नुसती बाटल्या भरत होती आणि दरवर्षी हिशेब जुळवत होती, तिने विमानाचं कर्ज फेडायला हात लावला. डिसेंबर 2024 मध्ये अर्थमंत्र्यांनी लोकसभेत सांगितलं की मल्ल्यांच्या मालमत्तेतून 14,131 कोटी सरकारी बँकांना परत मिळाले. त्यावर मल्ल्यांचं म्हणणं, न्यायाधिकरणाने देणं 6,203 कोटी ठरवलं होतं, मग दुपटीहून अधिक कसं घेतलं? त्या वादाचा निकाल लागेल तसा लागो. वसुली बिअरने केली, ब्रँडने नव्हे, यावर वाद नाही.

तेव्हा परीक्षेच्या पेपरात ‘ब्रँड ही कंपनीची सर्वांत मौल्यवान मालमत्ता होय’ असं एखाद्याने लिहिलं तर खुशाल पूर्ण मार्क द्या. उत्तर पुस्तकाबरहुकूम आहे. फक्त तोच मुलगा उद्या कर्जविभागात साहेब म्हणून रुजू झाला, तर पहिल्या फाइलवर सही करण्याआधी त्याला महिनाभर सराफाकडे उमेदवारीला पाठवा.