मॅपवर पाऊस पाडण्याची नियमावली

सदर नियमावली मोबाइलवरच्या मल्टिप्लेअर शूटर गेमचे मॅप बनवणाऱ्या नवोदितांसाठी आहे. ज्यांच्या साहेबांनी अजून ‘मॅप जरा मेल्यासारखा वाटतोय, डायनॅमिक वेदर टाकू या का?’ असं विचारलेलं नाही, त्यांनीही वाचून ठेवावी. विचारतील. साहेब गेम खेळत नाहीत, ट्रेलर बघतात. ट्रेलरमध्ये पाऊस फार देखणा पडतो.

कलम १. साहेब मीटिंगमध्ये ‘बॅटलफिल्ड ४’चा व्हिडिओ लावतील. शांतपणे बघावा. स्टॉकहोमच्या डाइस या स्टुडिओचा हा २०१३ सालचा गेम. त्यातल्या ‘सीज ऑफ शांघाय’ मॅपवर मधोमध एक उत्तुंग इमारत आहे, तिचे खांब फोडले की ती अख्खी खाली येते. कंपनीने या प्रकाराला ‘लेव्होल्यूशन’ असं भारदस्त नाव ठेवलं होतं. साहेबांना पडणारी इमारत दिसते. तिच्या गच्चीवर ताब्यात घ्यायचा ‘सी’ पॉइंट आहे, हे दिसत नाही. लिफ्टने वर जाऊन, पॅराशूटच्या जिवावर, तिथे ठाण मांडून बसलेली मंडळी असतात. त्यांना खाली आणायचं तर एक तर लिफ्टच्या दारात मरायचं, नाहीतर इमारतच पाडायची. पाडली की पॉइंट ढिगाऱ्यात येतो, पण पुढचा खेळ धुरकटलेल्या हवेत खेळावा लागतो. म्हणजे तो देखावा नव्हे, डाव आहे आणि त्याची किंमत दोन्ही बाजूंना मोजावी लागते. हे मीटिंगमध्ये बोलून दाखवू नये. ‘करेक्ट, तसंच काहीतरी आपल्याकडे’ असं उत्तर येतं.

कलम २. पाऊस सगळ्यांवर सारखा पडला पाहिजे. कधी सुरू होणार, किती जोराचा, कधी थांबणार, हे सर्व्हरने ठरवायचं. थेंब ज्याच्या त्याच्या फोनने काढायचे. माझा थेंब आणि तुझा थेंब वेगळ्या जागी पडला तरी कुणी मरत नाही. लाटेचं तसं नाही. ‘बॅटलफिल्ड ४’मध्येच ‘पॅरासेल स्टॉर्म’ नावाचा समुद्राचा मॅप आहे. सुरुवातीला लख्ख ऊन, मग वादळ आणि डोंगराएवढ्या लाटा. लाटेआड बोट लपली, तर ती समोरच्याच्या स्क्रीनवरही त्याच क्षणी लपलेली हवी, म्हणून त्या लाटा सगळ्यांसाठी जुळवलेल्या आहेत. ज्याच्यामागे माणूस लपू शकतो ते सर्व्हरचं, बाकीचं सोडून द्यावं. आमच्या धंद्यातलं निम्मं शहाणपण एवढंच आहे.

उरलेलं निम्मं माझ्या भाच्याने शिकवलं. तो बीजीएमआय हा मोबाइलवरचा शूटर खेळतो. अंगठ्यांना कापडी टोप्या, बाजूला टाल्कम पावडर, फोन कूलरच्या झोतात. ग्राफिक्स ‘स्मूथ’ म्हणजे सगळ्यात खालचं आणि फ्रेम रेट ‘एक्स्ट्रीम’ म्हणजे फोनचा जीव जाईस्तोवर. आम्ही महिनोन् महिने खपून लावलेल्या सावल्या, चकाकणारा चिखल, झाडाचं पान न् पान तो एका बोटाने उडवतो.

‘मामा, एवढं गवत कशाला लावता रे तुम्ही लोक? माणूस दिसत नाही.’

‘अरे, न दिसण्यासाठीच लावतो.’

‘मग बंद करायचं बटण कशाला देता?’

याला उत्तर नाही. लांबचं गवत यंत्राला झेपत नाही म्हणून दाखवतच नाहीत. परिणामी गवतात पालथा पडलेला खेळाडू स्वतःच्या स्क्रीनवर मस्त लपलेला असतो आणि तीनशे मीटरवरून बघणाऱ्याला मोकळ्या माळावर पहुडलेला दिसतो. धुक्याचं हेच करून ठेवलंत, तर पैसे खर्चून चांगला फोन घेणाराच आधी मरेल. तेव्हा जे लपवतं त्याला सेटिंगमध्ये बटण ठेवू नये. नुसतं दिसायला असेल तर खुशाल ठेवावं. भाचा ते बंद करणारच आहे.

कलम ३. धुकं स्वस्त, पाऊस महाग. निन्टेंडो ६४ वरच्या १९९७ सालच्या ‘टुरॉक’मध्ये सगळीकडे धुकं होतं, कारण त्यापलीकडचं जंगल काढायची त्या यंत्राची ताकद नव्हती. पाऊस म्हणजे पारदर्शक थरांवर थर. स्क्रीनवरचा एकच ठिपका दहादा रंगवावा लागतो आणि फोन तापतो. साहेबांना दोन्हीचा खर्च सारखाच वाटतो.

कलम ४. घरात पाऊस पडू देऊ नये. हसू नका. गेममधला पाऊस आभाळातून पडत नाही, खेळाडूच्या कॅमेऱ्याभोवती एक अदृश्य डबा असतो त्यात पडतो. खेळाडू चालतो, डबा बरोबर चालतो. खेळाडू घरात शिरतो, डबाही शिरतो, कारण छप्पर म्हणजे काय हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. मग वरून सबंध मॅपचं एक उंचीचं चित्र काढून ठेवायचं आणि प्रत्येक थेंबाने खाली येण्याआधी त्यात डोकवायचं : मधे पत्रा आहे का? हे काम कंटाळवाणं आहे, ते ट्रेलरमध्ये दिसत नाही, म्हणून प्लॅनमध्ये त्याला अर्धा दिवस मिळतो.

आणि पत्र्याचं चित्र काढून भागत नाही, पत्रा वाजला पाहिजे. पावसाची खरी जागा शूटरमध्ये डोळ्यांत नाही, कानांत आहे. सराईत खेळाडू पावलांवर खेळतो. वर कोण चालतंय, लाकडावर की फरशीवर, एक की दोन, हे त्याला हेडफोनमध्ये कळतं. पत्र्यावर सर आली की ते सगळं पुसलं जातं आणि कच्च्या खेळाडूलाही जिना चढायची हिंमत होते. म्हणून सर यावी आणि जावी. ती अचानक थांबते तेव्हा जो जिन्याच्या मधोमध असतो त्याची अवस्था बघण्यासारखी असते. या एका क्षणासाठी मी साहेबांचे सगळे ट्रेलर माफ करायला तयार आहे.

कलम ५. वाऱ्याने गोळी वळवू नये. खेळाडू वाऱ्याला दोष देत नाही, सर्व्हरला देतो.

कलम ६. मारण्याआधी सांगावं. ‘गिअर्स ऑफ वॉर २’मध्ये (२००८) हिमकडा कोसळायचा एक मॅप आहे. आधी भोंगा वाजतो, मग बर्फ येतो आणि उघड्यावर राहिलेल्यांना गाडतो. भोंगा ऐकूनही जो बंदुकीच्या मोहाने मधेच थांबला, तो मेल्यावर शिव्या स्वतःलाच देतो. त्याहून दिलदार ‘फोर्टनाइट’. त्यांनी २०२२ च्या सुरुवातीला वावटळी आणि विजा आणल्या. वावटळीत शिरलात तर ती वर उचलते आणि तिथून तरंगत हवं तिकडे जाता येतं. वीज अंगावर पडली तर थोडं लागतं, पण काही वेळ पाय जोरात पळतात. पोरं मुद्दाम विजेखाली जाऊन उभी राहायची. संकटाच्या दिशेने खेळाडू धावत सुटला की समजावं, हवामान जमलं.

कलम ७. सूर्य. मावळतीचं ऊन फार सुंदर दिसतं आणि ते नेमकं एकाच टीमच्या डोळ्यांवर येतं. अर्ध्या खेळानंतर बाजू बदला, नाहीतर सूर्य माथ्यावर ठेवा. साहेबांना मावळतीच हवी असते. मेन्यूच्या मागे लावा.

कलम ८ (गोपनीय). मीटिंगसाठी पावसाचा आकडा वेगळा ठेवावा. खेळण्याजोगा पाऊस कॉन्फरन्स रूमच्या प्रोजेक्टरवर दिसतच नाही. साहेब म्हणतात, ‘पडतोय का?’ तेव्हा फक्त डेमोच्या बिल्डमध्ये तिप्पट करावा, वर दोन विजा कडाडू द्याव्यात. साहेब मागे रेलून म्हणतील, ‘आता कशी मजा आली.’ मान डोलवावी, लॅपटॉप मिटावा आणि जागेवर येऊन आकडा लगेच खाली आणावा. जेवायला नंतर जावं.