काकांचं नाक

नाशिकच्या सातपूर-अंबडकडच्या जुन्या कॉलन्यांमध्ये हे काका हमखास भेटतात. मायकोतून निवृत्त. कंपनीचं नाव 2008 साली बॉश झालं, पण काकांच्या तोंडी ती अजून मायकोच. सगळी हयात डिझेलचे नोझल आणि इंजेक्टर बनवण्यात गेली. दारात मात्र पेट्रोलवरची, कार्ब्युरेटरवाली मारुती 800. 2014 साली कंपनीने या गाडीचं उत्पादन थांबवलं. काकांनी ती बातमी वाचली, फक्त गाडीला कळू दिली नाही.

तर या गाडीत पेट्रोलचा वास येतो.

दुसरा कुणी असता तर गॅरेजला गाडी लावून मोकळा झाला असता. काका आधी स्वतः तपास करतात. काचा लावून आत बसायचं, डोळे मिटायचे आणि प्राणायामाच्या तयारीने श्वास ओढायचा. पाचेक मिनिटांत निकाल येतो : "गेला!" गेलेला काहीच नसतो. एकाच वासात थोडा वेळ बसलं की माणसाचं नाक त्याची दखल घेणं सोडून देतं, इतकंच. तेवढ्यात काकू बाहेरून येऊन दार उघडतात आणि नाकाला पदर लावतात. काकांच्या मते काकूंना भास होतात.

काकांचे सिद्धांत चुकीचे असतात असं मात्र कुणी समजू नये. कार्ब्युरेटरमधला फ्लोट अडकला की पेट्रोल ओसंडतं, हे खरं. पंपाचा पडदा फाटला की पेट्रोल इंजिन ऑइलमध्ये उतरतं, म्हणून डिपस्टिक हुंगून बघायची, हेही खरं. डिकीचं रबर आटलं असेल तर धावत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि सायलेन्सरचा धूर आत ओढला जातो. हे तर शंभर टक्के खरं! सगळं बरोबर असूनही वास जागच्या जागी, ही काकांची खरी शोकांतिका.

प्रत्येक सिद्धांतानंतर टेस्ट ड्राइव्ह आलीच. ती गंगापूर रोडनेच का घ्यावी लागते आणि वाटेत मिसळ का लागते, याला तांत्रिक कारण नाही. शिवाय तर्री खाऊन परतलेल्या नाकाची साक्ष कितपत ग्राह्य धरायची?

मधल्या काळात संशयाची सुई मनमाडजवळच्या पानेवाडीपर्यंत पोचली. तिथे तेल कंपन्यांचे मोठे डेपो आहेत, आणि काकांच्या मते पेट्रोल "तिथूनच उग्र येतं". मग इथेनॉलची पाळी आली. "पेट्रोलला उसाचा वास मारतो," असं त्यांनी कट्ट्यावर जाहीर केलं. लोक हसले. पण यात तथ्याचा अंश होता, तो वासाबद्दल नव्हे तर रबराबद्दल. हल्ली पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुन्या गाड्यांचे रबरी पाइप आणि वॉशर त्या हिशेबाने बनवलेलेच नव्हते. ते फुगतात, कडक होतात, चिरतात.

कोडं सुटलं ते काकूंमुळे. "अहो, टाकी फुल केली की दोन दिवस वास येतो. मग महिनाभर नाही. एवढं कसं कळत नाही तुम्हाला?"

मेकॅनिक गाडीखाली सरकला आणि लगेच बाहेर आला. पेट्रोल भरायच्या तोंडापासून टाकीपर्यंत जाणारा जाड रबरी पाइप चिरला होता. टाकी काठोकाठ भरली की पेट्रोल त्या चिरेपर्यंत चढायचं आणि वाफ गंजलेल्या तळातून आत शिरायची. "काका, पाइप बदलला की झालं." काकांचा चेहरा उतरला. एवढ्याशा पाइपावर इतका मोठा तपास संपावा, हे त्यांना मुळीच पटलेलं नाही. आता ते शेजाऱ्यांच्या ओम्नीकडे संशयाने बघू लागले आहेत.

तुमच्याही जुन्या गाडीत असा वास येत असेल तर काकांना जरूर बोलवा, ते धावत येतील. पण तोवर गाडी मोकळ्या जागी उभी करा, काचा खाली घ्या आणि वास नेमका कधी येतो ते कागदावर टिपून ठेवा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती खाली साचून राहते आणि एका ठिणगीने पेटते. तेव्हा बॅटरीच्या वायरींशी खेळू नका, आणि सिगारेट ओढणाऱ्या मेव्हण्यांना मदतीला येऊ देऊ नका.