पाहुण्यांना मध्ययुग कसे दाखवावे

ही मार्गदर्शिका जबलपूरच्या राइट टाउनमध्ये राहणाऱ्या आणि ज्यांचे साडू नुकतेच इटलीहून परतले आहेत अशा मराठी गृहस्थांसाठी आहे. ज्यांचे साडू अजून गेलेले नाहीत त्यांनीही वाचून ठेवावी, जातीलच ते.

प्रकरण कसे सुरू होते ते आधी सांगतो. साडू आणि मेहुणी पुण्याहून चार दिवसांसाठी जबलपूरला येतात. पहिल्याच रात्री, पिठले-भाताच्या ताटावर, टस्कनी निघते. फ्लॉरेन्सहून फक्त त्या दोघांसाठी काळी गाडी, गाडीत थंड पाण्याच्या बाटल्या, आणि दिमतीला एक खासगी गाइड, कलेच्या इतिहासाची पदवी घेतलेली. एका दिवसात सिएना, सान जिमिन्यानो आणि वाटेत आणखी एक तटबंदीचे गाव. सान जिमिन्यानोत एके काळी ७२ मनोरे होते, आता १४ उरलेत, हा आकडा साडू न अडखळता सांगतात. अडखळतील कसे? तो त्यांनी युरोत विकत घेतलेला असतो. मग ताकाचा घोट घेऊन विचारतात, "तुमच्याकडे काय आहे बघण्यासारखं? धबधबाच ना तो एक?"

या प्रश्नाला जागच्या जागी उत्तर देऊ नये. "उद्या सकाळी सातला निघू," एवढेच म्हणावे आणि भात वाढावा. नको म्हणाले तरी वाढावा.

गाडी भाड्याची घ्यावी. स्वतःची काढली की सहल घरगुती होते आणि घरगुती गोष्टीला खासगी म्हणून किंमत राहत नाही. साडूंना पुढे बसवावे. ड्रायव्हर त्यांना पहिल्या पाच मिनिटांत "बड्डे" म्हणेल. जबलपुरात रिक्षावाल्यापासून वकिलापर्यंत सगळे एकमेकांना बड्डे म्हणतात आणि त्यात प्रेम असते. ही कल्पना आदल्या रात्री देऊन ठेवलेली बरी.

गाइड तुम्ही स्वतःच. इटलीत यासाठी परीक्षा द्यावी लागते. इथे तीन पिढ्यांपूर्वी आजोबा रेल्वेत किंवा गन कॅरेज फॅक्टरीत नोकरीला लागले होते एवढी पात्रता पुरते. माहितीचे मात्र तीन ढीग मनात वेगळे ठेवावेत: पक्की माहिती, लोक सांगतात ती, आणि ड्रायव्हर सांगतो ती. या क्रमाने खरेपणा कमी होत जातो आणि गोडी वाढत जाते. सकाळी पहिला ढीग काढावा, जेवणानंतर तिसरा.

नाश्त्याला पोहे-जिलबी. साडू म्हणतील, पोहे आमच्याकडेही असतात. असू देत. तेवढ्यात खव्याची जिलबी मागवावी. ती जाड असते, तपकिरी असते, आणि पाकातून काढून पानावर ठेवली की आपल्याच वजनाने जराशी बसते. पहिला तुकडा तोडेपर्यंत साडू तिला गुलाबजामच्या घराण्यातली समजतात. दुसऱ्या तुकड्यानंतर ते बोलत नाहीत. ही शांतता मोलाची आहे. दिवसभरात पुन्हा मिळत नाही, तेव्हा त्यात लगेच भंवरताल बाग उरकून घ्यावी. बाग शेजारच्या नेपियर टाउनात आहे. तिथल्या बकुळीखाली, म्हणजे इकडच्या भाषेत मौलश्रीखाली, २१ मार्च १९५३ रोजी रजनीशांना ज्ञानप्राप्ती झाली असे त्यांचे अनुयायी मानतात. पुण्याच्या माणसाला हे झाड दाखवून एवढेच सांगावे की ज्ञान जबलपुरात झाले, कोरेगाव पार्कात फक्त जागा घेतली. याच नेपियर टाउनात हिंदी व्यंगकार हरिशंकर परसाई राहत होते, हेही सांगून टाकावे. म्हणजे पुढे दिवसभरात तुम्ही जरा तिरकस बोललात तर दोष हवापाण्यावर जातो.

आता मदनमहाल. इथे शिस्तीने वागायला हवे. साडूंच्या डोक्यात टेकडीवरचे गाव म्हणजे एकसारखी कौले, कमानी आणि खिडकीत लाल फुलांच्या कुंड्या. तुम्ही त्यांना ग्रॅनाइटच्या अवाढव्य धोंड्यांनी भरलेल्या टेकडीवर चढवणार आणि वर दाखवणार एका धोंड्यावर बसवलेली दुमजली इमारत. ती पाहून ते विचारतील, "महाल कुठाय?" हाच महाल, असे ठामपणे सांगावे. गोंड राजा मदनशाहाने बांधला असे म्हणतात. खरे तर ही टेहळणीची चौकी वाटते, आणि वर उभे राहिले की का ते कळते. खाली सगळे जबलपूर पसरलेले दिसते. गढा-मंडल्याच्या गोंड राजांपैकी संग्रामशाहाकडे ५२ गढ होते असे परंपरा सांगते. त्याची सून दुर्गावती, महोब्याच्या चंदेलांची मुलगी. नवरा दलपतशाह गेल्यावर तिने लहान मुलाच्या नावाने राज्य चालवले आणि १५६४ साली अकबराचा सरदार आसफखान चालून आला तेव्हा स्वतः हत्तीवर बसून लढली. पराभव दिसताच तिने स्वतःच्या हाताने प्राण दिले. शहरातले राणीताल तिच्या नावाचे, चेरीताल तिच्या दासीच्या नावाचे, आधारताल तिच्या दिवाणाच्या नावाचे. आज ही वस्त्यांची नावे झाली आहेत आणि रिक्षावाले ती दिवसभर ओरडत असतात, त्यामुळे कुणाच्या कानाला ऐतिहासिक वाटत नाहीत.

ड्रायव्हर मध्येच सांगेल की महालातून थेट मंडल्यापर्यंत भुयार आहे आणि टेकडीत सोन्याच्या विटा पुरल्या आहेत. सांगू द्यावे. साडू भुयाराबद्दल शंका घेतील, विटांबद्दल नाही.

उतरताना बॅलन्सिंग रॉक दाखवायचा. एका धोंड्यावर दुसरा धोंडा, टेकलेली जागा अगदी थोडी. इथे भाषण करू नये. फक्त तारीख सांगावी: २२ मे १९९७, पहाटेचा भूकंप. घरे पडली, माणसे गेली, हा धोंडा जागचा हलला नाही. साडू पिसाचा विषय काढण्याची शक्यता आहे. तो मनोरा बांधताना कलला, हा कुणी बांधलेलाच नाही, असे म्हणून पाण्याची बाटली पुढे करावी. बाटली थंड नसते. पण असते.

गढा, संग्रामसागर, बाजनामठ हे गाडीतूनच. थांबलात तर डासांखेरीज काही हाती लागत नाही आणि तलावाकाठचा कचरा पाहून मेहुणी नगरपालिकेवर बोलू लागतात.

तेवरला मात्र थांबलेच पाहिजे, आणि खासगी गाइडची खरी कसोटी इथेच आहे. भेडाघाटच्या रस्त्यावरचे हे साधे खेडे. हीच त्रिपुरी, कलचुरींची राजधानी. गांगेयदेव, त्याचा मुलगा कर्ण, अकराव्या शतकात उत्तर हिंदुस्थानात ज्यांचा दरारा होता ते राजे इथले. गांगेयदेवाची लक्ष्मीछाप सोन्याची नाणी इतकी चालली की पुढच्या कित्येक राजांनी तीच धाटणी उचलली. "कुठे राजा भोज आणि कुठे गंगू तेली" या म्हणीतला गंगू म्हणजे हाच गांगेयदेव, असेही सांगणारे आहेत. ते दुसऱ्या ढिगातले, पण जाता जाता टाकायला उत्तम. एवढे ऐकून साडू खिडकीबाहेर बघतील. बाहेर म्हशी, हापसा, मोबाइल रिचार्जचे दुकान. गावात झाडाखाली, पारावर, जुन्या मूर्ती मांडून ठेवलेल्या आहेत, शेंदूर लावलेल्या, काहींची डोकी गेलेली. एखाद्या हजार वर्षांच्या मूर्तीच्या खांद्यावर कुणाचा तरी टॉवेल वाळत असतो.

इथे पाहुण्याचा चेहरा पडतो आणि यजमानाला शरमल्यासारखे होते. शरमू नये. सान जिमिन्यानोत मध्ययुग राखून ठेवले आहे, तेवरात लोक त्याच्यावर राहतात. राखलेले बघायला तिकीट पुरते. ज्याच्यावर लोक राहतात ते बघायला बोट दाखवणारा माणूस लागतो. तो माणूस आज तुम्ही आहात, म्हणून बोट दाखवावे, आणि टॉवेलवाल्याला "जरा काढता का भैया" असे विचारावे. तो काढतो. वर मूर्तीची गोष्टही सांगतो, तीही खासगी, आणि पुन्हा टॉवेल घालतो.

जेवण. टस्कनीत द्राक्षाच्या मळ्यात वाइन चाखवतात. इकडे गक्कड-भरता: गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजलेले कणकेचे जाड गोळे, वांग्याचे भरीत, वरून तूप. तूप वाढणारा विचारत नाही. वाइनच्या जागी उसाचा रस, बर्फ नको म्हणून आधीच ओरडावे.

जेवून लगेच भेडाघाटला चौसष्ट योगिनींच्या देवळाच्या शंभरावर पायऱ्या चढवाव्यात. हे निर्दयपणाचे वाटेल, पण दमलेला पाहुणा कमी तुलना करतो. वर गोल, उघड्या आकाशाचे अंगण, भोवती ओवरी, ओवरीत खणाखणात योगिनी; बहुतेकींचे हात-नाक फुटलेले, बैठकीवर कोरलेली नावे मात्र शाबूत. दहाव्या शतकातले काम. साडू अभियंते असतात, साडू नेहमीच अभियंते असतात, ते मोजायला लागतील. मधल्या वाटांमुळे दोनदा चुकतील आणि शेवटी विजयी मुद्रेने जाहीर करतील की योगिनी ८१ आहेत. बरोबर आहे. ८१च आहेत. "मग चौसष्ट का म्हणता?" यावर उत्तर: मोजून चौसष्ट द्यायला कलचुरी काय किराणा दुकानदार होते?

मधल्या गौरीशंकराच्या देवळात शिव-पार्वती नंदीवर बसून निघालेले आहेत, वरातीसारखे. मेहुणींना इथे वेळ द्यावा. तेवढ्यात साडूंना बाजूला घेऊन आल्हणदेवीची हकीकत सांगावी. कलचुरी राजा गयाकर्णाची ही राणी. तिने भेडाघाटला शिवाचे देऊळ आणि मठ बांधल्याचा ११५५ सालचा शिलालेख इथेच सापडला आणि एकोणिसाव्या शतकातच अमेरिकेत, न्यू हेवनला पोहोचला. साडूंचा मुलगा अमेरिकेतच असतो, त्यामुळे हे त्यांना एकदम पटते. कधी येतो म्हणाला, हे मात्र विचारू नये. ना शिलालेखाबद्दल, ना मुलाबद्दल.

धुआंधार धबधब्याला रोपवेचा आग्रह धरू नये, कठड्याशी उभे केले तरी चष्मे ओले होतात. पावसाळ्यात आलात तर धबधबा पुरातच बुडालेला असतो आणि नावाही बंद असतात, म्हणून ही सगळी मार्गदर्शिका दिवाळीनंतरची समजावी.

शेवटी पंचवटी घाटावरून नाव. इथे तुमचे गाइडपण संपते, कारण नावाड्यापुढे कुणाचे चालत नाही. नाव पूर्ण भाड्याने घ्यावी, तरच ती खासगी. तरी घाट सोडताना नावाड्याचा एक मेहुणा उडी मारून आत येतोच. दोन्ही बाजूंना संगमरवराचे कडे, कुठे दुधी, कुठे निळसर, कुठे काळे पट्टे, आणि मध्ये नर्मदा इतकी संथ की वल्ह्याचे थेंब ऐकू यावेत. ते ऐकू येत नाहीत, कारण नावाड्याने यमके जुळवायला सुरुवात केलेली असते. प्रत्येक खडकाला एक प्राणी, प्रत्येक वळणाला एक नटी. "अशोका"त करीना इथे, "मोहेंजोदारो"त हृतिक मगरीशी इथे, आणि १९६० चा राज कपूरचा सिनेमा, ज्याच्या नावात गंगा आहे, तोही इथे, नर्मदेत. मग बंदरकूदनी, जिथे कडे इतके जवळ होते म्हणे की माकडे या काठावरून त्या काठावर उड्या मारत. साडू म्हणतील, आता अंतर जास्त दिसते. नावाडी क्षणाचाही विलंब न लावता म्हणेल, "साहेब, आता माकडंही पूर्वीची राहिली नाहीत." फ्लॉरेन्सची पदवीधर गाइड साडूंना या क्षणी आठवत नाही. आठवली तर नावाड्याला आणखी शंभर द्यावेत.

मेहुणींनी बसने नर्मदा परिक्रमा केलेली असल्यास नावेत जपावे. त्या नदीबद्दल तुमच्यापेक्षा जास्त जाणतात. "नर्मदे हर" म्हणून गप्प बसावे.

परतताना तिलवारा घाटाकडून यावे. १९३९ च्या मार्चमध्ये इथेच त्रिपुरी काँग्रेस भरली. ५२ वे अधिवेशन, म्हणून ५२ हत्तींचा रथ. आणि रथात सुभाषबाबूंच्या जागी त्यांचे छायाचित्र, कारण अध्यक्ष स्वतः तापाने फणफणले होते. एवढ्यानेही साडूंचे समाधान झाले नसेल तर हुकमाचे पान काढावे. ठगांचा बंदोबस्त करणाऱ्या स्लीमनला १८२८ साली याच जबलपुरात डायनासोरची हाडे सापडली, हिंदुस्थानातली पहिली. मध्ययुगाची मारामारी इथे संपते. सहा-सात कोटी वर्षांपुढे सिएना काय करणार?

राहता राहिला ग्वारीघाट. तिथली संध्याकाळची आरती याच दिवशी घ्यायची की नाही, हा निर्णय घरी आधी, पाहुणे झोपल्यावर, हळू आवाजात घ्यावा. पाहुण्यांनी आणखी चार दिवस राहावे असे वाटत असेल तर ती शिल्लक ठेवावी. नसेल, तर कितीही उशीर झाला, कितीही पाय दुखले, तरी परतीच्या वाटेवर तीही उरकून घ्यावी, आणि गाडीतच मोबाइलवर पुण्याच्या गाडीची तिकिटे बघायला लागावे.